तांबडं लोणी

जिन्याच्या पहिल्या पायरीसमोर, भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने अकरा नियम लिहिलेले होते. रंगाऱ्याकडून लिहून घेतलेले नव्हेत, घरमालकांनी स्वतः लिहिलेले. त्यामुळे वरच्या ओळी ठसठशीत होत्या आणि खाली खाली जागा संपत गेल्यामुळे अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढलेली. नळाला पाणी आल्यास आधी खालचा हौद भरेल. जिन्यात उभे राहून मोबाइलवर बोलू नये. सातवा नियम असा होता: अंडे, मांस, मच्छी घरात आणू नये, शिजवू नये, त्याचा विषय काढू नये. 'विषय काढू नये' हे शब्द दुसऱ्या ब्रशने मागाहून घातलेले दिसत होते. माझ्या आधीच्या कुठल्यातरी भाडेकरणीने विषय काढला असणार.

मी ते नियम पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या दोन्ही हातांत बॅगा होत्या आणि मागे पोरगी गॅसची शेगडी घेऊन उभी होती. आम्ही निलंग्याहून एसटीने आलो होतो. पोरीला डॉक्टर व्हायचं होतं. लातूरला क्लास लावला की निम्मं काम झालं असं आमच्याकडे सगळ्यांना वाटतं. उरलेलं निम्मं काम आईचं असतं. तिने लातूरला खोली करून राहायचं, डबे करायचे, पाणी भरायचं आणि पोर झोपली नाही तर आपणही झोपायचं नाही. नवरा निलंग्यात मोटारपंपाच्या सामानाचं दुकान सांभाळत होता आणि रोज संध्याकाळी फोन करून "बाकी ठीक ना?" असं विचारत होता. मी ठीक म्हणत होते. तीन वर्षं म्हटलं. पोरीने परीक्षा दोनदा दिली आणि पुढे फार्मसीला गेली, म्हणजे तसं ठीकच झालं म्हणायचं. पण त्या तीन वर्षांचा शीण अजून माझ्या गुडघ्यांत आहे.

घरमालकांना सगळी गल्ली अप्पा म्हणायची, म्हणून आम्हीही. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात अर्ध्या बाह्यांची बंडी, आणि उजव्या हाताचा अंगठा सतत पहिल्या बोटावर फिरत असलेला. मला आधी वाटलं जप करतात. मग कळलं की ती जुनी सवय आहे. अप्पांची सारी नोकरी तेलाच्या गिरणीत गेली होती. आलेलं तेल दोन बोटांत चोळायचं, हुंगायचं, जिभेच्या टोकाला लावायचं आणि 'चालेल' किंवा 'न्हाई' एवढंच बोलायचं, हे त्यांचं काम. यंत्रं आली तरी मालक आधी अप्पांना विचारायचे. निवृत्त झाल्यावर तेल उरलं नाही, बोटं तेवढी फिरत राहिली.

पाहुण्यांच्या घरी जेवायला बसले तरी अप्पा वरणावरचा तेलाचा तवंग आधी हुंगायचे. यजमानीण ओशाळायची. काकू, म्हणजे त्यांची बायको, पदराआडून म्हणायच्या, "हुंगू द्या माय, जेवतेत नंतर." काकूंना सगळ्यांनाच माय म्हणायची सवय होती. मलाही, माझ्या पोरीलाही, भाजीवाल्या म्हाताऱ्यालाही.

अप्पांचा तेलावर फार विश्वास. माणसावर बेताचा. "तेल खोटं बोलत न्हाई, ताई," ते म्हणायचे, "इकणारा बोलतो." याच हट्टापायी त्यांनी एकदा नोकरीत दोन वर्षं फाटकावर काढली होती. करडईच्या टाकीत पामतेल मिसळलंय हे त्यांनी बोटावर घेऊन सांगितलं. मालकाने सांगितलं, अप्पा, तुमच्या बोटाला सर्दी झाली असेल. अप्पा म्हणाले, बोटाला सर्दी होत न्हाई. दुसऱ्या दिवसापासून त्यांना फाटकावर गाड्यांचे नंबर बघायला बसवलं. हा किस्सा ते मला महिन्यातून एकदा तरी सांगत, आणि दर वेळी शेवटी "दोन वर्षं बसलो, पण चालेल म्हणलो न्हाई" असं म्हणून गप्प होत. मी हौदावर बादली भरत ऐकत असे. सुरुवातीला कौतुकाने ऐकलं, नंतर बादली भरेपर्यंत.

आता माझा गुन्हा सांगून टाकते. पोरीच्या अंगात रक्त कमी होतं आणि डॉक्टरांनी रोज एक अंडं द्या म्हणून सांगितलं होतं. दुसरी खोली शोधायची माझ्यात ताकद नव्हती. क्लास जवळ, पाण्याला हौद, खाली म्हातारा-म्हातारी, पोरीच्या दृष्टीने घर सुरक्षित. मग मी अंडी ज्वारीच्या डब्यात ठेवायची, सकाळी कुकरमध्ये बटाट्यांबरोबर उकडायची, सालं कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकायची आणि भाजीला जाताना चौकातल्या कचरापेटीत सोडायची. दोन वर्षं मी पर्समध्ये अंड्याची सालं घेऊन फिरले. देवळात गेले तरी सालं बरोबर.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर काकूंचं पोटाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषधं चालू झाली. आजाराचं नाव आम्ही कुणी घेत नव्हतो. औषधांनी काकूंच्या तोंडाची चवच गेली. वरण माती लागतं म्हणायच्या, दूध साबण लागतं म्हणायच्या. मूळच्या अंगाने भरलेल्या बाई, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टरांनी अप्पांना स्पष्ट सांगितलं: वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस मला देता येणार नाही. बाहेरचं काही नको, बाकी घरचं काय आवडेल ते द्या, तिखट सोसत असेल तर तिखट द्या, पण खाऊ घाला.

खाऊ घाला म्हणणं सोपं असतं. अप्पांना तोवर गॅस पेटवता येत नव्हता. ते माझ्याकडून शिकले. शिरा केला, उपमा केला, ज्वारीची आंबील केली. काकू दोन घास घ्यायच्या आणि ताट हळूच पलंगाखाली सरकवायच्या. अप्पा ते ताट काढून, पलंगापाशी बसून, स्वतः संपवायचे. त्या दिवसांत अप्पांचंच वजन वाढलं.

एका संध्याकाळी माझी पोरगी क्लासहून येताना चौकातल्या गाड्यावरचं सँडविच घेऊन आली. सोबत वाटीएवढ्या डबीत लालसर, घट्ट, चकचकीत असं काहीतरी. तिखट मेयोनीज. वर येण्याआधी ती काकूंच्या खोलीत डोकावली, काकूंनी "काय आणलंस माय?" म्हणून विचारलं, आणि तिने डबी पुढे केली. काकूंनी सकाळच्या भाकरीचा वाळका पापुद्रा त्यात बुडवला. मग दुसरा. मग उरलेली अर्धी भाकरी मागून घेतली.

"कशाचं लोणी हाय हे? तांबडं?" त्या म्हणाल्या. "लई ग्वाड लागतंय."

अप्पा दारात उभे होते, आणि पोरगी वर का येईना म्हणून मीही खाली आले होते. त्यांनी रिकामी डबी हातात घेतली, बोट फिरवलं, चोळलं, पण वास घेण्याआधीच डोळे भरून आल्यामुळे त्यांना काही कळलं नसावं. मी मात्र डबीच्या कडेला लागलेलं चाटून बघितलं होतं. मला त्यात अंड्याची चव लागली. रोज अंडं हाताळणाऱ्या बाईला ती लागतेच. मी गप्प बसले. का बसले? खोली जाईल म्हणून. पोरीने आणलं होतं म्हणून. आणि त्या बाईने कितीतरी दिवसांनी अर्धी भाकरी खाल्ली होती, तिच्या पोटात ती राहू द्यावी म्हणूनही. तिन्ही कारणं खरी आहेत, पण पहिलं मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी खालून हाक मारली. "ताई, जरा खाली या. मोबाइलमधी बगा, ते तांबडं लोणी कसं करतेत. भाईरचं बंद हाय ना. आपुन घरीच करू."

मी मोबाइलमध्ये बघितलं आणि बिनअंड्याची कृती वाचून दाखवली. थंड दूध, तेल, लिंबू, मीठ, मिक्सरमध्ये फिरवायचं, वरून लाल तिखट, लसूण. अप्पा हसले. "म्हंजी तेलाचंच काम हाय की! मग काय अवघड?"

तिथून पुढचे दोन महिने त्या घरात तेल, दूध आणि मिक्सरचा आवाज.

पहिल्या दिवशीच घोटाळा झाला, आणि तो अप्पांनाच करता आला असता. त्यांच्या घरात घाण्याचं तेल तेवढं कच्चं चालायचं. चटणीवर ओतून घ्यायचे. पण पिशवीतलं तेल आधी धूर निघेपर्यंत कढवल्याशिवाय कुणाच्या तोंडात जाऊ द्यायचं नाही, हा तिथला कायदा. अप्पांनी पिशवीतलं सूर्यफुलाचं तेल कढवलं, थोडं निवू दिलं, आणि कोमट असतानाच थंड दुधात ओतलं. झाकण उघडलं तेव्हा खाली पिवळं पाणी आणि वर तेलाचे डोळे. अप्पा त्या डोळ्यांकडे बघत राहिले. "माझ्या हातानं तेल फुटलं," ते म्हणाले. घरात कुणी गेल्यासारखा आवाज होता.

मी म्हटलं, अप्पा, गार तेल घ्या आणि बारीक धार धरा, एकदम ओतू नका. त्यांनी गार घेतलं. पण हात थरथरायचा. धार मध्येच जाड व्हायची, मध्येच तुटायची. पुन्हा फुटायचं. फुटलेलं टाकून देणं त्यांना जमत नसे. त्यात बेसन कालवून ते धिरडी करायचे आणि आम्हाला वर पाठवायचे. माझ्या पोरीने त्या महिन्यात इतकी धिरडी खाल्ली की ती अजून धिरड्याचं नाव काढू देत नाही.

मग एक दिवस अप्पा भांड्यांच्या गल्लीतून तांब्याची नवी गळती घेऊन आले. महादेवाच्या पिंडीवर अभिषेकासाठी टांगतात ते भांडं, बुडाला बारीक भोक असलेलं. मला म्हणाले, "आयुष्यभर बघत आलो, ताई. ही धार तुटतबी न्हाई अन् जाडबी व्हत न्हाई. आमच्या डोक्यात कसं आलं न्हाई?" त्यांनी स्वयंपाकघरातल्या पाळण्याच्या जुन्या कडीला ती गळती साखळीने टांगली. खाली मिक्सर ठेवला. मिक्सरच्या झाकणाच्या मधली बारकी टोपी काढली आणि बरोबर त्या भोकावर धार सोडली. वेळ मोजायला 'ॐ नमः शिवाय'. एकवीस नामं झाली की मिक्सर बंद, गरम झालेल्या भांड्यावर ओला फडका, पुन्हा एकवीस. पाचव्या फेरीला आतला आवाज बदलला, जड झाला. अप्पांनी झाकण काढलं. पांढरंशुभ्र, चमचा उभा राहील असं.

मी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. पलंगावरून काकू म्हणाल्या, "काय झालं? अभिषेक संपला का?"

त्या दिवशी लाल तिखटाच्या जागी अप्पांनी घरचं काळं तिखट घातलं. रंग असा झाला की काकूंनी वाटीत बघून विचारलं, "हे खायाचं हाय का भिंत लिंपायची?" आणि बऱ्याच दिवसांनी हसल्या. मग लाल मिरच्या भिजवून, लसणाबरोबर खलबत्त्यात कुटून घातल्या. रंग जमला. काकूंनी भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात घोळवला, गिळला.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पण ते न्हाई."

हे 'पण ते न्हाई' आम्ही मग रोज ऐकलं. सोयाबीनचं करून बघितलं. शेंगदाण्याचं केलं. अप्पांनी ओळखीच्या घाण्यावरून करडईचं आणवलं, ते कडवट झालं. दूध बदललं. गवळ्याला सांगून देवणी गाईचं वेगळं आणलं. लिंबाऐवजी दही घातलं. चिमूटभर साखर, गूळ, ओवासुद्धा. काकू बिचाऱ्या प्रत्येक वेळी मन लावून चाखायच्या. नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून दोन घास जास्त घ्यायच्या आणि मग ते टिकायचे नाहीत. मोरीपाशी त्यांची पाठ मी धरायची. पाठीचा एकेक मणका हाताला लागायचा.

अप्पा तेव्हा रागावायचे, पण कुणावर रागवावं हे त्यांना सापडत नसे. गळती पुसत बसायचे. एकदा मला म्हणाले, "चाळीस वर्षं लोकाच्या तेलात काय कमी हाय ते सांगितलं. घरच्या वाटीत काय कमी हाय ते सांगता येईना." मला ठाऊक होतं काय कमी आहे. मी वर गेले आणि कुकर लावला.

दर सोमवारी दवाखान्यात वजन व्हायचं. त्या सोमवारी परत आल्यावर अप्पांनी चपला दारात सरळ लावल्या नाहीत. नियम नववा मोडला. डॉक्टर म्हणाले होते, येत्या सोमवारी काटा वर सरकलेला दिसला तर डोस, नाहीतर थांबू. थांबू म्हणजे काय हे त्यांनी सांगितलं नाही आणि अप्पांनी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी अप्पा चौकात गेले. रस्त्यावर उभ्याने चहासुद्धा न पिणारा माणूस सँडविचच्या गाड्यासमोर उभा राहिला. गाडेवाला गावातल्या जुन्या बेकरीवाल्या घराण्यातला, तरुण, बोलका. अप्पांनी त्याला विचारलं, तांबडं लोणी कुठून आणतोस? तो म्हणाला घरीच करतो. काय घालतोस? त्याने अप्पांच्या कपाळाकडे बघितलं आणि हातातली सुरी खाली ठेवली. हे सगळं मला अप्पांनीच सांगितलं, त्याच्या बोलीसकट.

"चचा, सच बोलूँ क्या? आप नको खाओ. इसमें अंडा है. उबालके डालतूँ मैं. कच्चा डाले तो धूप में खराब होता ना."

अप्पांनी त्याला सांगितलं की आमच्या घरात हे गेलंय. पोरगा घाबरला. कान पकडले. "तौबा, चचा. मालूम होता तो छोकरी को देताच नै था." अप्पा म्हणाले, तुझा काय दोष, विचारल्यावर तू खरं सांगितलंस.

मी हौदावरून बादली घेऊन आले तेव्हा ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेले होते. नियमांच्या भिंतीकडे पाठ करून. मला जाता येईना, म्हणून मी बादली ठेवली आणि खालच्या पायरीवर बसले.

"तुमाला ठाऊक व्हतं का?" त्यांनी सगळं सांगून झाल्यावर विचारलं.

खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "हो," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी."

"अन् दोन महिने मला अभिषेक करू दिला."

मी मान खाली घातली. त्या क्षणी अप्पांनी खोली सोडा म्हटलं असतं तर मी बॅगा भरल्या असत्या, मला मुळीच राग आला नसता.

अप्पांचा अंगठा बोटावर फिरत होता. मग म्हणाले, "तुमच्याकडं अंडी हायत."

"अप्पा—"

"दोन वर्षं हायत. ज्वारीच्या डब्यात ठिवता का पिठाच्या ते म्हाईत न्हाई. सालं पर्समधी नेता. ताई, मी तेल हुंगून गाव सांगणारा माणूस. सकाळी जिन्यातून वास उतरतो. पोरीला रक्त कमी हाय हे काकूनं सांगितलं व्हतं. म्हणून बोललो न्हाई." त्यांनी मान वळवून भिंतीकडे बघितलं. "लिहिलंय तर लिहिलंय. तिथं लिहायला काय लागतं?"

मला रडू आलं. दोन वर्षं मी ज्या माणसाला फसवते आहे असं समजत होते, तो दोन वर्षं मला फसवू देत होता. मी पदराने नाक पुसत बसले आणि अप्पा तोवर थांबले.

"उद्या दोन उकडा," ते म्हणाले. "खाली न्हाई. वरी, तुमच्याकडं. धार मी धरणार."

दुसऱ्या दिवशी पोरगी क्लासला गेल्यावर अप्पा मिक्सर छातीशी धरून जिना चढले. मागे माझ्या हातात गळती. टांगायला माझ्याकडे कडी नव्हती, म्हणून मीच ती दोन्ही हातांनी वर धरून उभी राहिले आणि अप्पांनी तेल ओतलं. अंडी सोलून मी आधीच आत टाकली होती. त्यांनी ती बघितली नाहीत असं मी म्हणणार होते, पण बघितली. वाकून, नीट बघितली. नाम घेतलं नाही. नुसते ओठ मिटून उभे राहिले. फारसा वेळ लागला नाही. दोन मिनिटांत घट्ट झालं.

"एवढंच व्हतं?" अप्पा म्हणाले. फार दमलेला आवाज होता तो.

मिरची-लसणाचं वाटण घातलं, लिंबू पिळलं. त्या डबीतल्यासारखा रंग आला. वाटी भरून मी त्यांच्या हातात दिली आणि शहाणपणा केला. म्हटलं, "अप्पा, काकूंना सांगू नका. दुधाचंच आहे म्हणा. पोटात तर जाईल."

ते पायरीवर थांबले. माझ्याकडे रागाने बघितलं नाही, थोडं नवल वाटल्यासारखं बघितलं.

"भेसळीला चालेल म्हणलो न्हाई म्हणून दोन वर्षं फाटकावर बसलो, ताई. अन् आता घरातच भेसळ करू?"

"पण त्यांनी खाल्लं नाही तर?"

"न्हाई खाल्लं तर न्हाई," अप्पा म्हणाले. "पर तिचं तोंड हाय. तिला इचारूनच जाईल."

मला माणसांना ताटकळत ठेवायला आवडत नाही, म्हणून इथेच सांगते. सोमवारी काटा किंचित सरकला होता आणि तो डोस मिळाला. त्यापुढचेही मिळाले. आम्ही लातूर सोडलं तेव्हा काकू अंगणातल्या खुर्चीवर बसून आम्हाला हात करत होत्या, आणि परवा फोनवर अप्पा त्यांच्यावरच ओरडत होते, औषध घेत नाही म्हणून. पण वजनाचं श्रेय त्या वाटीचं की सलाइनचं की देवाचं, हे मला ठाऊक नाही. मला ती दुपार सांगायची आहे.

काकू उशीला टेकून बसल्या होत्या. अप्पांनी ताटात भाकरी ठेवली, शेजारी वाटी ठेवली आणि पलंगासमोर उभे राहिले. शाळेत चूक कबूल करायला पोर उभं राहतं तसे.

"ह्याच्यात अंडं हाय," ते म्हणाले. "त्या दिशी पोरीनं आणलं, त्याच्यातबी व्हतं. मला काल कळलं. आता तू ठरव."

काकू वाटीकडे बघत राहिल्या. गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीवर त्यांचा हात गेला आणि तिथेच थांबला. बाहेर टँकरवाला हॉर्न वाजवत होता, पाण्याची पाळी आमची होती, पण कुणी हललं नाही.

"त्या दिशी म्हाईत नव्हतं," काकू म्हणाल्या. "आज म्हाईत हाय."

"हाव."

"मग पाप लागंल की."

"माझ्या नावावर घाल," अप्पा म्हणाले. "मी आणलं, मी धार धरली. तू नुसतं खाल्लंस."

काकूंनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, ओठ फाटले होते, पण आवाज जुना होता, हौदावर बायकांना गप्प करणारा.

"पन्नास वर्षं झाली तुमच्या नावाबरं नाव लावून. आता पापाचं तेवढं येगळं का? मी एकटीनं बाटून वरी कुठं जाऊ? तुमी एकीकडं अन् मी एकीकडं? खायाचं तर एका ताटात बसा. न्हाईतर घेऊन जा ते."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी दारातून बाजूला व्हायला हवं होतं, ते सुचलं नाही.

ते खाली बसले नाहीत, पलंगाच्या कडेवर बसले, काकूंच्या समोर. भाकरीचा तुकडा मोडला. तो वाटीत बुडवायला त्यांना वेळ लागला. मग बुडवला आणि तोंडात घातला, डोळे मिटले. सवयीने त्यांनी तो जिभेच्या टोकावर धरला असावा, कारण चेहरा क्षणभर गिरणीतल्यासारखा झाल्याचा मला भास झाला. मग गिळला.

काकू त्यांच्या गळ्याकडे बघत होत्या. घास खाली उतरलेला दिसला तेव्हा त्यांनी स्वतःचा तुकडा मोडला.

दोन घास झाल्यावर अप्पा उठू लागले. हात धुवायचे होते, आंघोळ करायची होती, देवापाशी जाऊन काय म्हणायचं होतं कोण जाणे. काकूंनी त्यांच्या बंडीचं टोक धरलं.

"कुठं निघाले? बसा. माझं व्हायचंय अजून."

अप्पा बसले. काकू फार हळू खात होत्या. एक घास, मग थांबणं, मग पाण्याचा घोट, मग पुन्हा घास. टँकर निघून गेला. मला पोरीचा डबा न्यायचा होता, मी गेले नाही. अप्पांच्या बोटांवरचं लाल वाळून गेलं, तरी ते उष्टा हात मांडीवर उताणा ठेवून बसून राहिले, काकूंची भाकरी संपेपर्यंत.